चालती गाडी आणि उत्सवमूर्ती

३० ऑक्टोबर २०२३ ह्या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली ती अखेरची गाडी. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. वीस वर्षे भरली आणि हिशेब मिटला. त्यानंतर काही दिवस वृत्तपत्रांतून आणि मित्रमंडळींच्या बैठकींतून जो शोक उसळला, तो वाचकांच्या स्मरणात असेलच. बंगळुरातील आमच्या मराठी मंडळींनीही त्यात आपली आसवे मिसळली. कोणाला आपली पहिली मुंबई आठवली, कोणाला बोरीबंदरापासून दादरपर्यंतचा प्रवास आठवला, कोणाला मागच्या बाकावर चौघांच्या मांडीवर बसून केलेली वऱ्हाडातली फेरी आठवली. एक तरी गाडी संग्रहालयात ठेवा, अशी मागणी झाली. सर्वांनी माना डोलावल्या, आणि सर्व आपापल्या नव्या गाड्यांत बसून घरी गेले.

ह्या शोकसभेत सामील होण्यास आम्ही त्या वेळी नकार दिला आणि आजही देतो. त्याचे कारण आमचे मन कठोर आहे हे नव्हे. ज्यांनी आसवे गाळली त्यांतील कितीजणांच्या घरी एके काळी हीच गाडी होती, आणि ती त्यांनी कोणत्या भावाने, म्हणजे किलोला किती रुपये ह्या भावाने, भंगारवाल्याच्या हवाली केली, हे आम्हांला ठाऊक आहे. पेट्रोलचा पंप बिघडला म्हणून ती आवारात उभी राहिली. उभी राहिली म्हणून तिचे टायर बसले. टायर बसले म्हणून ती अडचण झाली. आणि अडचण झाली म्हणून ती गेली. ह्या चार पायऱ्यांत काळाचा दोष कोठे आहे? दोष हाताचा आहे. जो हात वर्षातून दोनदा ऑइल बदलायला उठला नाही, त्याने रुमालही उचलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत मांडण्याचा अधिकार आम्हांला कोठून आला, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, आमच्या घरी १९५७ सालची फियाट इलेव्हन हंड्रेड आहे आणि ती चालते. पुढची दारे मागच्या बाजूच्या बिजागरीवर, म्हणजे आजच्या हिशेबाने उलटी, उघडणारी ही गाडी. पुढे आलेल्या नाकाडामुळे मुंबई-पुण्याच्या लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' असे नाव दिले आणि त्या नावात तिरस्कारापेक्षा माया अधिक होती. ती आम्ही प्रदर्शनासाठी ठेवलेली नाही. भाजी आणायला, व्याख्यानाला जायला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला ती बाहेर पडते. ह्या लेखात आम्हांला सांगायचे आहे ते इतकेच की, जुनी मोटार चालविणे हाच तिच्या जतनाचा एकमेव खरा मार्ग आहे. आणि ह्या मार्गात आज तिघे आडवे पडले आहेत. पहिला, नुसती हळहळ करणारा. दुसरा, तिला मखरात बसविणारा. आणि तिसरा, त्या दोघांच्या मनोवृत्तीला नियमाचे रूप देणारा कायदा.

परंतु त्याआधी एका तुच्छतेचा समाचार घेणे प्राप्त आहे. आमच्या एका सुविद्य स्नेह्यांनी परवा विचारले, "इटालियन गाडीचा एवढा अभिमान सांगता, पण इटालियन गाडी म्हणजे फेरारी. तुमची फियाट ही कारकुनाची गाडी. तिचे कसले कौतुक?" रविवारी सकाळी विठ्ठल मल्ल्या रस्त्यावर ज्या बुटक्या, रुंद, कर्कश गाड्यांचे दर्शन होते त्यांवर ह्या स्नेह्यांची इटलीविषयीची कल्पना बेतलेली आहे. त्यांच्यासाठी थोडी वंशावळ सांगितली पाहिजे.

फियाटचे अभियंते दांते जाकोसा ह्यांच्या हातून १९३७ साली ५०८ सी ह्या नावाची गाडी बाहेर पडली. तिचे एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, चार नळकांड्यांचे. दोन वर्षांनी, १९३९ साली, एंझो फेरारी आल्फा रोमिओतून बाहेर पडले. चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीची गाडी काढायची नाही, अशा करारात ते बांधलेले होते. तेव्हा त्यांनी 'ऑटो आव्हिओ कोस्त्रुत्सिओनी' ह्या आडनावाखाली ८१५ ही गाडी बांधली आणि १९४० सालच्या मिले मिलियाच्या शर्यतीत अशा दोन गाड्या उतरविल्या. त्यांतील एक तरुण आल्बेर्तो आस्कारीच्या हाती होती. दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत, हे खरे. पण त्या गाडीचे आठ नळकांड्यांचे एंजिन कशाचे होते? फियाट ५०८ सीच्या दोन एंजिनांची डोकी एका नव्या ठोकळ्यावर बसवून ते तयार केले होते. म्हणजे ज्या फेरारीचे नाव घेऊन आमचे स्नेही आम्हांला हिणवतात, त्या फेरारीने स्वतंत्र झाल्यावर बांधलेली पहिली गाडी आमच्या कारकुनाच्या गाडीच्या भागांवर उभी होती.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. युद्धानंतर चिसितालिया नावाच्या लहानशा कंपनीने ह्याच ११०० च्या एंजिनावर खेळाच्या गाड्या बांधल्या. त्यांतील २०२ ह्या गाडीचा पिनिन फारिनाने घडविलेला देह इतका निर्दोष ठरला की, न्यू यॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९५१ साली भरविलेल्या आठ मोटारींच्या प्रदर्शनात तिला स्थान मिळाले आणि पुढे ती त्या संग्रहात दाखल झाली. १९५३ साली ११०० चे नवे रूप आले, त्याच वर्षी तिची 'तुरिस्मो व्हेलोचे' ही वेगवान बहीणही आली आणि ती शर्यतींत धावली. आपल्याकडे मद्रासच्या उत्तरेस शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील एक धावपट्टी होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तेथे कित्येक वर्षे शर्यती भरविल्या. त्या पट्टीवर घरगुती फियाट गाड्या धावल्या. आठवडाभर ऑफिसात नेणारी गाडी रविवारी शर्यतीत उतरे आणि सोमवारी पुन्हा ऑफिसात जाई. खेळाची गाडी म्हणजे काय ह्याची ह्याहून चांगली व्याख्या आम्हांला तरी ठाऊक नाही. जी गाडी चालविणाऱ्याचे मन आणि हात पूर्णपणे गुंतवून ठेवते ती खेळाची गाडी. तिची किंमत किती आणि तिचा आवाज किती, हे प्रश्न दुय्यम आहेत.

आता बंगळुराशी तिचा संबंध. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली, हे सर्वांना माहीत असते. पण ह्याच वालचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली, ही गोष्ट बंगळुरात राहणारे मराठी लोकही विसरतात. त्या कारखान्याने किती मराठी घरे ह्या शहरात आणली, ह्याचा विचार वाचकांनी आपल्याच आळीत फिरून करावा. आणि त्याच्याही आधी, मोटारीचा कारखाना हिंदुस्थानात निघालाच पाहिजे, हा ध्यास कोणी घेतला होता? पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी. १९३० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून त्यांनी त्याची योजना मांडली आणि वार्धक्यातही तिचा पाठपुरावा केला. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली आडुगोडीला मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची 'मायको', उभी राहिली आणि तिचे स्पार्क प्लग देशभरच्या गाड्यांत ठिणगी पाडू लागले. तेव्हा तुरिनचा आराखडा, सोलापूरचा उद्योजक, कुर्ल्याची बांधणी आणि आडुगोडीची ठिणगी अशी ही गाडी आहे. बंगळुरात ती पाहुणी नाही.

ही गाडी सांभाळणे सोपे आहे, असे सांगून आम्ही कोणाची फसवणूक करणार नाही. तिचा स्वभाव विक्षिप्त आहे. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खाली. त्याच्या सांध्यांतील बुश झिजले की दुसरा गिअर समजून चौथा पडतो. पहिल्या गिअरला दातांचे वेग जुळविणारी सोय नाही, म्हणून गाडी पुरती थांबल्यावाचून पहिला घेऊ नये; घेतला तर ती जो दात करकरविते तो सगळ्या चौकाला ऐकू जातो. सकाळी चोक किती ओढावा ह्याचे गणित ऋतुपरत्वे बदलते. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, त्यामुळे पुढच्या रिक्षाच्या मनात काय आहे हे तिच्या चालकाच्या आधी आपण ओळखावे लागते. आणि एप्रिल महिन्यात हेब्बाळच्या उड्डाणपुलावर अर्धा तास अडकले की, एंजिनाला चिकटलेल्या पेट्रोलपंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी मुकाट्याने बंद पडते. त्यावर उपाय एकच: बॉनेट उघडावे, पंपावर ओला फडका ठेवावा, आणि दहा मिनिटे मागच्या हॉर्नांकडे दुर्लक्ष करण्याची तपश्चर्या करावी. आमच्या गाडीत स्टेपनी असेल-नसेल, पाण्याची बाटली आणि फडका नेहमी असतो.

हे दोष आहेत, हे आम्ही मान्य करतो. पण ह्या दोषांनी आम्हांला जे शिकविले ते नव्या गाडीने शिकविले नसते. कोणता आवाज कोठून येतो, कोणता वास कशाचा, उष्णतेने कोणती वस्तू फुगते आणि कोणती आखडते, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. शिवाजीनगरातील ज्या मिस्त्रींकडे आमची गाडी जाते त्यांना अक्षर-ओळख बेताची आहे. पहिल्या भेटीत आम्ही त्यांच्यापुढे दुखण्याचे लांबलचक वर्णन केले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, लांब पेचकसाचे एक टोक एंजिनाला आणि दुसरे आपल्या कानाला लावले, आणि दखनीत म्हणाले, "गाडी बोल्ती, रावसाब. तुम सुनते नै." टॅपेटचा आवाज होता. अर्ध्या तासात तो गेला. आमच्या वर्णनात टॅपेट हा शब्दही नव्हता.

त्यांच्या दुकानापासून थोड्याच अंतरावर गुजरी आहे. कोल्हापूरकडच्या वाचकाला गुजरी म्हटले की सराफांच्या पेढ्या दिसतील. बंगळुरात गुजरी म्हणजे मोडीत काढलेल्या गाड्यांच्या भागांचा बाजार. आम्हांला मात्र दोहोंत फार अंतर वाटत नाही. तेथे कोणत्या गाडीची दाराची मूठ कोणत्या साली बदलली आणि कोणता वायसर दुसऱ्या कोणत्या गाडीचा बसतो, हे तोंडपाठ असणारी माणसे बसलेली असतात. हे ज्ञान कोणी लिहून ठेवलेले नाही. गिऱ्हाईक येत आहे तोवर ते जिवंत आहे. गिऱ्हाईक थांबले की मिस्त्रींचा मुलगा दुसऱ्या धंद्यात जाईल (गेलाच आहे) आणि मग कोणी कितीही पैसे मोजले तरी तो कान विकत मिळणार नाही. आमचा सगळा झगडा ह्या कानासाठी आहे. पत्रा पुन्हा ठोकता येतो, गंज खरवडता येतो, क्रोम पुन्हा चढविता येते. वापर थांबला की ज्ञान मरते, आणि ते पुन्हा करता येत नाही.

म्हणून मखरवाल्यांवर आमचा रोष आहे. बंगळुरात श्रीमंत संग्राहकांची वाण नाही. त्यांनी अनेक गाड्या भंगारात जाण्यापासून वाचविल्या, हे त्यांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु वाचवून पुढे काय केले? मूळ रंग खरवडून आरसा लाजेल असा रंग चढविला. बसकीवर हात फिरवायला भीती वाटावी असे चामडे घातले. वर्षातून एक दिवस ट्रेलरवर घालून मिरवणुकीच्या जागी नेली, शंभर पावले चालविली, चषक घेतला, पुन्हा ट्रेलरवर घातली आणि कुलूप लावले. देवळात दोन मूर्ती असतात. एक नित्यपूजेची, तिला रोज पाणी घालावे लागते. दुसरी उत्सवमूर्ती, ती पालखीपुरती बाहेर येते. पण उत्सवमूर्तीला मान आहे तो गाभाऱ्यात नित्यपूजा चालू असते म्हणून. गाभारा ओस पाडून नुसत्या पालख्या मिरविणाऱ्याला आम्ही भाविक म्हणणार नाही. शिवाय उभ्या गाडीची दशा तिच्या मालकालाही कळत नाही. सील वाळतात, टाकीत गंज धरतो, ब्रेकचे सिलिंडर आतून जाम होतात. वरून लखलखीत आणि आतून कुजलेली, अशी ती गाडी असते.

आता कायदा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ह्या वर्गात येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि पाटीवर 'व्हीए' ही खूण. प्रथमदर्शनी आम्हांला आनंद झाला. इतक्या वर्षांनी का होईना, ह्या गाड्यांकडे भंगारापलीकडे पाहण्याची बुद्धी सरकारला झाली. पण पुढचे कलम वाचले आणि आनंद मावळला. ह्या गाड्या रस्त्यावर केव्हा आणाव्यात? प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, जुन्या गाड्यांच्या फेरीसाठी, आणि पेट्रोल भरण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी. नित्याच्या वापरासाठी नव्हे. म्हणजे पेट्रोल भरायला जावे, पण ते जाळायला कोठे जाऊ नये! मखरवाल्यांच्या सवयीवर सरकारने मोहोर उठविली. गाडीने मेल्यासारखे पडून राहावे, ह्या अटीवर तिला जगण्याचा परवाना दिला.

ह्याला पर्याय आहे, आणि आम्ही तोच पत्करला आहे. व्हीए पाटीच्या वाटेला न जाता, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी सामान्य नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावयाचे. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि न्यावीच. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु पंधरा वर्षांवरील मोटारीच्या ह्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून एकदम ५,००० रुपये झाले. का? तपासणाऱ्याचे श्रम त्या रात्रीत आठपट वाढले काय? उघड आहे की, हे शुल्क तपासणीचे नसून जुनेपणाचा दंड आहे. एका परिवहन कार्यालयात तपासणीच्या वेळी एका अधिकाऱ्यांनी आमच्या गाडीकडे बराच वेळ पाहिले आणि सद्भावाने विचारले, "एवढी जुनी गाडी चालवीत का आणलीत? टो करून आणायची होती." चालते आहे की नाही हे पाहण्याच्या जागीच गाडी चालत आली, ह्याचे त्यांना नवल वाटले. दोष त्यांचा नाही. जुने म्हणजे मेलेले, ही समजूत हवेतच आहे.

ह्यावर जो आक्षेप येतो तो आम्ही हलका मानीत नाही. बंगळुरातील वाहनांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. श्वास घ्यायला हवा आणि पाऊल ठेवायला जागा उरलेली नाही. अशा शहरात कार्ब्युरेटरवर चालणारी, धूर शुद्ध करणारी कोणतीही योजना नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हा नागरिकधर्माचा भंग नव्हे काय? दर किलोमीटरमागे आमची गाडी नव्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक विषारी वायू सोडते, ही गोष्ट खरी आहे; ती लपविणारा जुन्या गाड्यांचा मित्र नव्हे. तिच्यात अपघाताच्या वेळी माणूस वाचविणाऱ्या सोयी नाहीत, हेही खरे. म्हणूनच लहान मुलांना घेऊन आम्ही महामार्गावर जात नाही, आणि ब्रेकच्या बाबतीत आमचे मिस्त्री आम्हांला कंजूषपणा करू देत नाहीत.

परंतु ह्या सत्यांतून निघणारा निष्कर्ष कोणता? शहराची हवा बिघडविण्यात ह्या मूठभर गाड्यांचा वाटा किती असू शकतो, हे ज्याने सकाळी नऊ वाजता सिल्क बोर्डाचा चौक पाहिला आहे त्याने सांगावे. तेथे रांगेत उभ्या असलेल्या हजारो गाड्यांत पन्नास वर्षांची गाडी शोधून दाखवावी. जी गाडी वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालते तिचा हिशेब, आणि जी रोज पन्नास किलोमीटर एकट्या माणसाला वाहते तिचा हिशेब, एकाच तागडीत घालता येणार नाही. शिवाय दर दहा वर्षांनी नवी गाडी घेणाऱ्याच्या प्रत्येक गाडीमागे पोलाद, काच, रबर आणि वीज खर्ची पडते; तो धूर त्याच्या दारात निघत नाही, म्हणून निघतच नाही असे नव्हे.

खरा मुद्दा वयाचा आणि प्रकृतीचा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिल्ली परिसरात डिझेलच्या गाडीला दहा आणि पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तिला दुजोरा दिला. तेथील हवेची दशा पाहता त्यामागची तळमळ आम्हांला समजते. पण ह्या पद्धतीत चौदा वर्षांची, निगा न राखलेली, काळा धूर ओकणारी गाडी निर्धास्त चालते आणि सोळा वर्षांची, निगुतीने राखलेली गाडी गुन्हेगार ठरते. माणसाचे दुखणे त्याच्या जन्मतारखेवरून ओळखणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू? बंगळुरात अशी सरसकट बंदी नाही. पण म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो; आणि सोकावलेल्या काळाला राज्यांच्या सीमा दिसत नाहीत.

इतर देशांनी ह्यावर विचार केला आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत राखलेल्या गाडीला खास पाटी मिळते. तिच्यासाठी तपासणी कडक असते, पण ती उत्तीर्ण झाली की गाडी रस्त्यावर मोकळी. शहरांतील धूरबंदीच्या क्षेत्रांतही तिला जाता येते. मोटारींच्या धंद्यावर जगणाऱ्या आणि नियमांच्या काटेकोरपणासाठी नावाजलेल्या देशाला जे परवडते, ते आम्हांला का परवडू नये? आमची मागणी त्याहूनही कमी आहे. गाडीचे वय पाहू नका, ब्रेक पाहा, स्टीअरिंग पाहा, धूर मोजा. हवी तर वर्षाला ठराविक किलोमीटरांची मर्यादा घाला. आणि व्हीए पाटीच्या गाडीला त्या मर्यादेत नित्याच्या कामासाठी चालू द्या. प्रदर्शनाची अट काढून टाका. एवढेच.

आणखी एक संकट येऊन ठेपले आहे आणि त्याची चर्चाही होत नाही. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. त्यातील काही भाग आमच्याच महाराष्ट्र-कर्नाटकातील उसातून येतो. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात ह्याचे आम्हांला वाईट वाटण्याचे कारण नाही. पण इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पडदे मऊ करते, हवेतले पाणी ओढून घेते, आणि उभ्या गाडीच्या टाकीत गंज वाढविते. जुन्या गाडीच्या मालकाने काय करावे, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. मिस्त्रींनी आमच्या सगळ्या नळ्या बदलल्या आणि एक मंत्र दिला: टाकी भरून गाडी उभी ठेवू नका, चालवा. इंधन बदलले तरी सल्ला तोच निघाला!

शेवटी ह्या मासिकाच्या वाचकांशी दोन शब्द. आपण परमुलखात राहून मराठी मासिक चालवितो आणि वाचतो, तेव्हा जतन म्हणजे काय हे आपणांस कोणी सांगावे लागू नये. गणेशोत्सवात व्यासपीठावरून शुद्ध मराठी बोलायची आणि घरी मुलांशी तिचा एक शब्द काढायचा नाही, अशा घरांत ती भाषा किती पिढ्या टिकली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. जेथे ती टिकली तेथे ती कानडी, तमिळ, दखनी शब्द पोटात घेऊन, थोडी ओबडधोबड होऊन, पण रोज स्वयंपाकघरात बोलली जाऊन टिकली. आमच्या गाडीतही आता मूळचे सगळे नाही. वायपरची मोटर दुसऱ्या गाडीची आहे, आरसा गुजरीतला आहे. चषक देणारे पंच तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. पण किल्ली फिरविली की ती सुरू होते.

मल्लेश्वरमच्या, बसवनगुडीच्या जुन्या घरांच्या मागच्या बाजूला, बेळगावच्या आणि धारवाडच्या वाड्यांच्या पडव्यांत, ताडपत्रीखाली अजून अशा गाड्या उभ्या आहेत. त्यांचे मालक दरसाल 'पुढच्या वर्षी बघू' असे म्हणतात. त्यांना आमची विनंती आहे की, पुढच्या वर्षी तो मिस्त्री असेलच असे नाही. ताडपत्री काढा. आधी ब्रेक करून घ्या, मग टाकी धुऊन घ्या, मग नळ्या बदला. रंगाचा विचार सर्वांत शेवटी करा. घरातील एका तरुण मुलाला किंवा मुलीला मिस्त्रीशेजारी उभे करा आणि हात काळे होऊ द्या. आणि गाडी सुरू झाली की तिला मिरवणुकीला नेऊ नका. भाजीला न्या.